अंदमानची तालीम

"तोंडं काढा बाहीर! काढा म्हणते ना त्या पातेल्यांतून! प्यायचं पाणी हाय ते, तुमचे नाकं धुवायला न्हाई आलं!"

आई हे ओरडत होती, असं मला नंतर गल्लीतल्या लोकांनी सांगितलं. मला स्वतःला काही ऐकू आलं नाही, कारण माझं डोकं कानांसकट पाण्यात होतं. माझ्या डावीकडे माझा थोरला भाऊ दत्ता, उजवीकडे आमचे वडील, म्हणजे नाना, आणि तिघांपुढे लग्नकार्यातली तीन मोठी पातेली, आत्ताच नळाखालून उचलून आणलेली. तिघंही ओणवे. नमाज, सूर्यनमस्कार आणि उलटी या तिन्हींच्या मधली काहीतरी अवस्था होती ती. नाना सगळ्यांत शेवटी वर आले, मिशीतून पाणी निथळत, आणि गर्जले, "नव्वद! नव्वद सेकंद धरला श्वास!" नानांचा सेकंद हा सरकारी कचेरीतला सेकंद होता, त्यांचे नव्वद म्हणजे बाहेरच्या जगातले वीस. पण आईला सेकंदांशी कर्तव्य नव्हतं. तिनं तिन्ही पातेल्यांतलं पाणी एकदा पाहिलं, आमच्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाली, "आठ दिवस हेच प्या आता. मी दुसरं देणार न्हाई." दिलं नाही. खोटं नाही, या पानावर हात ठेवून सांगते, त्या आठवड्यात आमच्या चहाला दत्ताच्या केसांच्या तेलाचा वास येत होता.

जालन्याला लोक सोन्याचा पाळणा म्हणतात. असेल बाई. पण पाळण्यातल्या पोराला प्यायला पाणी विचारू नका. मस्तगडातल्या आमच्या घरी नळ आठ दिवसांनी यायचा, तोही मर्जी असली तर, आणि कोणत्या वेळी येईल हे ब्रह्मदेवाला आणि पाणी सोडणाऱ्या माणसालाच ठाऊक. त्यातही ब्रह्मदेव जरा साशंक. आला की अर्धा तास. त्या अर्ध्या तासात रांजण, हंडे, कळश्या, पिंप, बादल्या, तांबे, फुटक्या कानाचे कप, जे जे उपडं आहे ते उताणं करून भरायचं. म्हणून आमच्या गल्लीत प्रत्येक घराला एक नळाचं माणूस असायचं, देवळाला पुजारी असतो तसं. आमच्या घरी ते आई होती. घराला कुलूप लावून सगळ्यांनी बाहेर जायचं, ही कल्पना आमच्याकडे पापात मोडायची. आमच्या एकुलत्या एका मामाच्या, किसनमामाच्या लग्नाला ती माहेरी धावड्याला गेली खरी, पण हळद लागल्याबरोबर एस.टी. धरून परत आली, कारण नळाचा दिवस होता. मामीचं तोंड तिनं पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मामीच्या कडेवर पोर होतं.

अशा घरात नानांनी चहूकडून पाण्यानं वेढलेल्या बेटावर जायचं काढलं.

त्याला कारण झाले खडके. खडके हे नानांच्या कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणारे. दिल्लीच्या सरकारची नोकरी असल्यानं दोघांनाही चार वर्षांतून एकदा कुटुंबासह देशात कुठंही जायचं भाडं मिळायचं. नानांनी ती सवलत आयुष्यभर वाया घालवली होती, कारण त्यांच्या मते देशात बघण्यासारखं सगळं भोकरदन तालुक्यातच होतं. पण खडके अंदमानला जाऊन आले. शंख घेऊन आले, काळे होऊन आले, आणि महिनाभर कचेरीत कुणाला फायलीला हात लावू देईनात. समुद्रात डोकं घालून रंगीत मासे पाहिले, होडी स्वतः वल्हवली, जंगलातून दोन डोंगर तुडवले. नाना घरी आले, चप्पल न काढता आत आले आणि म्हणाले, "आपुन बी जायचं. पण खडक्यावानी न्हाई. तयारीनं जायचं. तिथं जाऊन बसून खायचं असल तर घरी काय वाईट हाय?"

आता माझी सून मोबाइलवर बोट फिरवते आणि भाजी फोडणीला पडेस्तोवर कुठल्याशा बेटावरची खोली ठरवून मोकळी होते. मी तिला सांगते, बाई, आमची तयारी सात महिने चालली होती. तिला वाटतं सासू फेकते. फेकते मी, नाही असं नाही. पण सात महिने खरेच.

नानांनी कचेरीच्या कागदावर वेळापत्रक करून देवघराशेजारी चिकटवलं. वर लाल शाईत "तालीम". पहाटे मोती तलावापर्यंत पळत जाणे आणि पळत येणे. दत्ता पळायचा, मी चालायची, नाना मागून सायकलवर बसून "पाय उचला!" म्हणायचे. मग डोंगर चढण्याचा सराव: पाठीवर ज्वारीचं अर्धं पोतं घेऊन जिन्यानं गच्चीवर जायचं आणि खाली यायचं. या एका प्रकारावर आई खूष होती, कारण तिची ज्वारी आयती उन्हात पोचायची, पोतं खाली आणायच्या वेळी ती म्हणायची, "असू दे, दोन दिवस वरच राहू दे डोंगर." संध्याकाळी होडी. म्हणजे अंगणात बाज, बाजेवर आम्ही दोघं, हातात कपडे वाळत घालायच्या काठ्या, आणि समोर नाना ताल देताहेत. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "कुठवर आलात?" दत्ता म्हणायचा, "देऊळगावराजा गेलं मागं." पोहण्याचा अभ्यास नाना स्वतः करायचे. एक पुस्तिका आणली होती, तीत चित्रं होती. स्टुलावर पालथं पडून हात आणि पाय एकाच वेळी मारायचे, आणि तोंडानं फूं फूं करायचं. एकदा कचेरीतला शिपाई निरोप घेऊन आला, त्यानं दारातून हे पाहिलं आणि निरोप न देताच परत गेला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नानांना प्रेमानं खुर्चीवर बसवून तब्येत विचारली.

या सगळ्यावर आई दिवसभर कावलेली असायची. "पोरांच्या टाचा फुटून राह्यल्या, बाजेची सुंबं तुटून राह्यली, आन् हे म्हणे सहल." पण तिचा राग हा वरचा, दुधावरच्या साईसारखा होता, खाली काहीतरी वेगळंच तापत होतं. धपाटे थापता थापता ती मध्येच विचारायची, "सुमे, समुद्राला पाणी येतं म्हणतात, ते किती दिवसानं?" मी भूगोलाच्या पुस्तकातून सांगितलं, "रोज येतं. दिवसातून दोनदा." तिचा हात थांबला. "दोन टाइम? रोज?" मी म्हणाले हो. "आन् कोणीच भरत न्हाई?" नाही म्हटल्यावर ती बराच वेळ तव्यावरच्या धपाट्याकडे पाहत बसली आणि तो जळला. आमच्या घरात आईच्या हातून जळलेला तो एकमेव धपाटा. मला त्याची चव अजून सांगता येईल.

मग तिनं जुनी जाड चादर काढली, मोठाल्या गुलाबांची, आणि पोहायचे कपडे शिवायला घेतले. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत झगा, खाली चुण्यांची विजार. दत्ताचा झाला, माझा झाला. नानांचा झाला, नानांच्या पोटावर बरोबर मध्यभागी एक गुलाब आला, त्यावरून एक दिवस भांडण झालं. आणि मग एका दुपारी मी शाळेतून आले तर मशीनवर चौथा झगा. तिनं तो अंगाला लावून पाहिला, मला पाहून पटकन घडी केली आणि म्हणाली, "कापड उरलं होतं."

इथं मला एक गोष्ट लिहायची आहे, जी मी लिहीन की नाही याची मलाच खात्री नव्हती. त्याच्या आदल्या आठवड्यात मी नानांचा फॉर्म पाहिला होता. प्रवासाला जाणाऱ्या सदस्यांची नावं: नाना, दत्ता, मी. खाली रेघ. मी विचारलं, "आईचं?" नानांनी इतक्या शांतपणे माझ्याकडे पाहिलं, जणू मी विचारलं होतं की सोबत भिंतही न्यायची का. "मंग पाणी कोण भरील?" त्यात दुष्टपणा बिलकुल नव्हता. त्यांना सांगण्यासारखंच काही वाटलं नव्हतं. घरात एक जण राहणारच, आणि तो एक जण कोण हे ठरलेलं. आणि मी? मी चौदा वर्षांची, जिभेनं गल्ली हलवणारी, मी गप्प बसले. मला हिशेब कळला होता. आई गेली तर नळाचं माणूस मागं कोण राहणार? दत्ता मुलगा. उरली कोण ते सांगायला नको. तेव्हा चौथा झगा पाहूनही मी "छान झालाय" एवढंच म्हणाले. मी आयुष्यात हजार थापा मारल्या असतील, त्यांतली एकही मला टोचत नाही. हे दोन शब्द टोचतात.

दिवाळीला तालमीची शेवटची परीक्षा धावड्याला, किसनमामाच्या विहिरीत. पावसाळा बरा झाला होता, विहीर काठोकाठ, हिरवीगार, पायऱ्या निम्म्या पाण्याखाली. मामानं पहिल्याच दिवशी मला आणि दत्ताला पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून ढकलून दिलं. आमच्याकडे पोहणं शिकवणं म्हणजे हेच: डबा बांधायचा, ढकलायचं, आणि वर उभं राहून हसायचं. मी पिऊ नये तेवढं पाणी प्यायले, विहीर एक पायरी खाली गेली. पण तिसऱ्या दिवशी डब्याशिवाय कडेकडेनं तरंगायला लागले. नाना काठावर पुस्तिका घेऊन उभे. "दत्ता, अंगठे बाहेर! सुमे, श्वास डाव्या बाजूनं!" चौथ्या दिवशी मामा म्हणाला, "दाजी, आता तुमी उतरा. हा घ्या डबा."

"डबा लेकराईला. माझा सात महिन्यांचा अभ्यास हाय."

"अभ्यास स्टुलावर झाला म्हणतेत. स्टूल इहिरीत न्हाई."

"किसनराव, बाजूला व्हा."

नानांनी गुलाबाचा झगा सारखा केला, दोन्ही हात चित्रातल्यासारखे पुढं जोडले आणि सूर मारला. सूर उत्तम होता, ते कबूल केलंच पाहिजे. पाण्यावर एक शिंतोडा उडाला नाही. नाना सरळ गेले. आम्ही थांबलो. दत्ता मोजायला लागला, खरे सेकंद. दहा झाले, पंधरा झाले. पाण्यावर एक बुडबुडा आला, मग पुस्तिकेत कुठंच नसलेला एक हात आला आणि गेला. मामा मळ्याच्या पाटाकडे वळलेला, तो वळून धावेपर्यंत आई बांधावरून उठली होती. ती लिंबाखाली बसून ठेचा कुटत होती. तिनं बत्ता टाकला, लुगड्याचा काष्टा खोचला, आणि वरच्या कठड्यावरून असा मुटका मारला की पाणी कडुलिंबाच्या शेंड्याला लागलं. शेंड्याला नसेल, फांदीला तरी लागलंच. ती खाली गेली आणि वर आली ती नानांचे केस मुठीत धरून, आणि एका हातानं पाणी कापत, घाई न करता, पायरीशी आली. मामा हसत म्हणाला, "आक्का पहिल्यापासून अशीच. तळातला गाळ मुठीत आणून दाखवायची." मला माहीत नव्हतं. चौदा वर्षं मी त्या बाईच्या हातचं खात होते.

नाना पायरीवर बसले. खोकले. आईच्या हाताची लसूण-मिरची डोळ्यांत गेल्यानं रडल्यासारखे दिसत होते, निदान त्यांनी कारण तेच सांगितलं. आणि धाप जरा बसली तशी त्यांच्यातला तालीमवाला जागा झाला. "बराबर," ते म्हणाले. "आता माझ्या ध्यानात आलं. तिथं कोणी बुडालं तर काढायला माणूस लागल. हिचं नाव बी घालून टाकतो फॉर्मात."

मामा हसायचा थांबला. "घालून टाकतो म्हंजे? घातलेलं न्हाई?"

शेजारच्या मळ्यात इंजिन टकटक करत होतं. आई लुगड्याचा पदर पिळत होती, ती पिळतच राहिली.

"कामून न्हाई घातलं?" तिनं विचारलं.

"अगं, नळ."

"घरात कोणी न्हाई, तर पाणी कोणाला पाहिजे? भिताडं पेणार हाय का?"

हे वाक्य ऐकून मी नानांकडे पाहिलं. खरं सांगते, सात महिन्यांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. नानांच्याही नाही. त्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला, पण सरकारी माणूस, लगेच कलम सापडलं. "आन् परत आल्यावर? आल्या आल्या काय पेशील? बंद घर पाहून नळच तोडून टाकला मंग? न्हाई, एक माणूस पाहिजेच. तू येणार तर सुमी थांबल."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी इतकी पांढरी पडले असेन की तिला सगळं वाचता आलं. "तुला ठाव होतं, सुमे? नाव न्हाई ते?"

मी तिच्या लुगड्यातून पायरीवर गळणाऱ्या थेंबांकडे पाहत होते. काहीही सांगता आलं असतं. माझ्याकडे त्या वयातही शंभर कहाण्या तयार असायच्या. मी म्हणाले, "होतं."

मला वाटलं आई मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग तिनं पदर झटकला आणि नानांना म्हणाली, "सुमी थांबणार न्हाई. माझ्यासारखी आणखीन एक तयार करू नका."

"मंग पाणी कोण भरील?"

"ज्याला पोहता येत न्हाई त्यानं."

नाना चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. जालन्याला परतल्यावर त्यांनी फॉर्म काढला, स्वतःच्या नावावर पट्टी धरून सरळ रेघ मारली आणि खाली सुवाच्य अक्षरात आईचं पूर्ण नाव लिहिलं. त्यातही हट्ट होता: पाणी भरावंच लागतं हे त्यांना सिद्ध करायचं होतं, आणि विहिरीनंतर त्यांना तांब्यातल्या पाण्याचीही जरा भीती वाटायला लागली होती, ही माझी शंका. सोबतीला किसनमामा स्वतःच्या तिकिटावर यायला तयार झाला. स्टेशनवर नानांनी दत्ताच्या गळ्यात शिट्टी घातली, मला डाव्या बाजूनं श्वास घ्यायची आठवण करून दिली, आईला मात्र काय सांगावं ते त्यांना सुचेना. गाडी हलली तेव्हा ते म्हणाले, "काळजी करू नको, सगळं भरून ठेवतो."

गाड्या बदलत मद्रास, तिथून जहाज. जहाजात मामा आजारी पडला तो उतरेपर्यंत आजारी होता, आणि मळ्याची आठवण काढून रडला. आम्ही होडी वल्हवली. बाजेपेक्षा अवघड, कारण होडी हलते. डोंगर चढलो, पोत्यापेक्षा सोपा. पण मला आठवते ती आई, गुलाबांच्या चादरीच्या झग्यात. पहिल्या दिवशी ती नुसती किनाऱ्यावर बसली, भरती येताना पाहत. पाणी पुढं पुढं येत होतं, कुणी हंडा घेऊन धावत नव्हतं, कुणी कुणाला ओरडत नव्हतं. ते तिच्या मांडीपर्यंत आलं तरी ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी ती आत गेली आणि इतकी लांब गेली की होडीवाला उभा राहून हातवारे करायला लागला. दत्तानं शिट्टी वाजवली. तिनं पाण्यातूनच हात वर करून आम्हाला गप्प बसायला सांगितलं. त्या रात्री ती माझ्या केसांना तेल लावताना म्हणाली, "त्या फॉर्माचं मनात धरू नको." मी धरलं आहे, चाळीस वर्षं. तिनं नाही.

बावीस दिवसांनी आम्ही मस्तगडात रिक्षातून उतरलो, चौघंही कोळशासारखे, मामाच्या पिशवीत शंख. घर उघडं होतं. नाना नळाजवळ खुर्ची टाकून बसलेले, दाढी वाढलेली, हातात वर्तमानपत्र. बावीस दिवसांत ते कचेरीशिवाय कुठं गेले नव्हते, आणि कचेरीतूनही दुपारी दोनदा सायकल मारत नळ पाहायला यायचे, असं शेजारच्या काकूंनी आम्ही सामान उतरवत असतानाच सांगून टाकलं. पुढंही सांगणार होत्या, पण आई थांबली नाही. आईनं पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली आणि सरळ आत गेली. आम्ही बाहेर उभे राहून ऐकत होतो. रांजणाचं झाकण. मग हंड्यांची झाकणं, एकामागून एक. मग पिंपाचं, मग पातेल्यांवरच्या ताटल्या. प्रत्येक भांडं घासून चकचकीत, उताणं, रांगेत मांडून ठेवलेलं, आणि प्रत्येक भांडं ठणठणीत कोरडं. ती बाहेर आली आणि नानांसमोर उभी राहिली.

"काय हो?"

नानांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"आलंच न्हाई."